शर्त क्रमांक अकरा

मुदत पाच वाजेपर्यंत होती.
निविदेत तसं आहे, शर्त क्रमांक अकरा.
मीच टाइप केली होती ती, कार्बन लावून, तीन प्रती :
'अन्यथा अनामत रक्कम जप्त करण्यात येईल.'
जप्त हा शब्द मला तेव्हा आवडायचा.
गोदामाच्या कुलपासारखा,
दाबला की बसतो.

कळमन्याचं गोदाम. अठ्ठावीस हजार रिकामी पोती,
शिवणींत अजून तुरीची धूळ.
बोली लागली इतवारीच्या हुकूमचंद लोयांची.
बेचाळीस हजारांचा ड्राफ्ट त्यांनी
दोन्ही हातांनी दिला, प्रसाद द्यावा तसा.
मी पावती फाडली,
तिकिटावर आडवी सही केली.

एकतीस मे.
डांबर चपला धरून ठेवत होतं.
त्यांचे दोन ट्रक आले पाचला वीस कमी असताना,
आणि फाटकाला कुलूप.
किल्ली माझ्या खिशात,
मी सीताबर्डीवर
कूलरच्या पंपासाठी घासाघीस करत.
दुकानदार दहा रुपये सोडेना, मी हटेना.

परत आलो तेव्हा साडेपाच झाले होते.
रस्त्यावर ट्रकच्या डिझेलचा एक ओला डाग, बस्स.
दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं, माल उचलला का?
मी रजिस्टर उघडलं आणि तांबड्या शाईनं लिहिलं :
खरेदीदार मुदतीत हजर झाला नाही.

पोती पुढे कामठीच्या एकानं नेली,
नगामागे साठ पैसे जास्त देऊन.
संस्थेचं नुकसान ते एवढं.

पहिली सात वर्षं हेच ठरेना
की भांडण भांडायचं कुठं.
सहकार न्यायालय म्हणालं, अर्जदार सभासद नाही.
दिवाणी म्हणालं, निबंधकांना दिलेली नोटीस कुठाय?
लोया शेठ दर तारखेला यायचे, कापडी पिशवी घेऊन,
बाकावर सरकून जागा करायचे माझ्यासाठी.
'या निखाडेबाबू, आजबी पुढचीच भेटते.'
चहा एकदा ते पाजायचे, एकदा संस्था.
माझ्या व्हाउचरवर : न्यायालयीन किरकोळ, चार रुपये.

ट्रकवाला साक्षीदार छिंदवाड्याकडे गेला
तो गेलाच.
उलटतपासात त्यांच्या वकिलानं
रजिस्टर माझ्यासमोर धरलं :
हे अक्षर कुणाचं?
माझं, म्हणालो.
शपथेवर होतो, खरं बोललो.
त्या दिवशी मी कुठं होतो, हे
त्या भल्या माणसानं विचारलंच नाही.
मी वाट पाहिली थोडी.
मग साहेब म्हणाले, साक्षीदारानं जावं.

एकोणिसाव्या वर्षी निकाल लागला.
नुकसान शाबीत नाही, सबब जप्ती अमान्य,
रक्कम सव्याज परत करावी.
करावी कुणी?
संस्था तोवर अवसायनात निघाली होती,
पाटीवरची 'सहकारी' ही अक्षरं तेवढी शाबूत.

अवसायक मंगळवारी बसतात, एका खोलीत.
दावा क्रमांक तीनशे बारा : हुकूमचंद लोया, अनामत.
तीनशे तेरा : मी. माझी ग्रॅच्युइटी.

आता आम्ही रांगेत पुढे-मागे उभे.
त्यांच्या कानात यंत्र, माझ्या गुडघ्याला पट्टा.
पुढच्या माणसाचा कागद अपुरा निघाला,
खिडकी थांबली,
आणि त्या थांबण्यात मी बोलून गेलो :
शेठ, त्या दिवशी किल्ली माझ्याजवळ होती.

त्यांनी यंत्र जरा फिरवलं.
मला वाटलं, पुन्हा सांगावं लागेल.
पुन्हा सांगणं जमलं नसतं.

'मले मालूम होतं जी,' ते म्हणाले,
'बर्डीवरच्या त्या दुकानात माझा साळाच बसते.
रात्री जेवता जेवता हसून सांगत होता,
तुमचा बाबू दहा रुपयांसाठी घंटाभर अडून बसला म्हणे.'

मग काऊन बोलले नाही तुम्ही,
हे माझ्या ओठांपर्यंत आलं.
ते खिडकीकडे पाहत होते.

'पंप चालला का पण?'

चालला, म्हणालो.
चौदा उन्हाळे.

रांग एक पाऊल सरकली.
आम्ही खाली ठेवलेल्या पिशव्या उचलल्या.